१४४१६ लागला, आता काय बोलायचं?

‘मन मोकळं करायला सरकारी फोन आहे म्हणे’ असं सांगणारी आणि त्याबद्दल विचारणारी बरीच पत्रं गेल्या अंकानंतर आली. हा फोन म्हणजे केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा. २०२२-२३च्या अर्थसंकल्पात तिची घोषणा झाली आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी ती सुरू झाली. बंगळूरची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था तिचं मुख्य केंद्र आहे, आणि प्रत्यक्ष फोन घेणारे कक्ष राज्याराज्यांत आहेत. क्रमांक १४४१६. तो लागला नाही तर १८००-८९-१४४१६. शेवटचे पाच आकडे तेच असल्यानं लक्षात राहतो. सेवा चोवीस तास आणि मोफत आहे.

पत्रांवरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. क्रमांक पुष्कळांपर्यंत पोचला आहे, पण फोन लागल्यावर काय सांगायचं आणि काय मागायचं हे कुणी सांगितलेलं नाही. म्हणून लोक दोन मिनिटांत फोन ठेवतात आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणतात. या वेळची उत्तरं म्हणूनच जरा सविस्तर आहेत.

चाळीतली १० बाय १२ची खोली, आम्ही सहा माणसं. सासूबाई दिवसभर घरात असतात. बाळ चार महिन्यांचं आहे. मला सारखं रडू येतं, झोप लागत नाही, पण फोनवर बोलायचं कुठून? आणि पलीकडून काय विचारतात? — एक वाचक, लालबाग

आधी पलीकडून काय होतं ते सांगतो. फोन लागला की भाषा निवडायला सांगतात. सेवा २० भाषांत आहे, त्यात मराठी आहे. भाषा निवडली की फोन राज्यातल्या प्रशिक्षित समुपदेशकाकडे जातो. तो वय, साधारण कुठे राहता, फोन स्वतःसाठी केलाय की दुसऱ्या कुणासाठी, हे विचारेल. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका. त्यानंतर झोप, भूक, कामात लक्ष, घरात कोण आहे, पूर्वी कधी असं झालं होतं का, काही औषधं चालू आहेत का, असे प्रश्न येतील. आणि एक प्रश्न सरळ विचारला जाईल: ‘जगू नये असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?’ या प्रश्नानं दचकू नका. तो प्रत्येकाला विचारतात, कारण पुढे किती घाई करायची हे त्याच्या उत्तरावर ठरतं. विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनात असलेलं बोलायला वाट मिळते. तुमचं उत्तर ‘हो’ असेल तर ‘हो’च सांगा.

आता जागेचं. घरातूनच बोलायचं असेल तर इअरफोन लावा आणि पहिलंच वाक्य हे बोला: ‘माझ्याजवळ माणसं आहेत, तुम्ही विचारा, मी हो-नाही सांगते.’ समुपदेशकांना अशा फोनची सवय असते. मग तेच प्रश्न असे विचारतात की ‘हो’, ‘नाही’, ‘रात्री’, ‘दोन-तीन तास’ एवढ्यावर काम भागतं. ऐकणाऱ्याला वाटेल दवाखान्याशी बोलणं चाललंय, आणि ते खरंच तसंच आहे. बाहेरून बोलायचं तर बाळाला डोस द्यायला नेता, भाजीला जाता, तेवढी वीस मिनिटं धरा. फाइव्ह गार्डन्स किंवा शिवाजी पार्कचा कट्टा सकाळी बरा पडतो. वरळी सी-फेसवर एकांत मिळतो, पण तिथल्या वाऱ्यानं माइकमध्ये नुसता घोंगाट होतो आणि तीच वाक्यं तीनदा सांगावी लागतात. रडू येत असताना ते नको होतं. लोकलमध्ये बसून हा फोन करू नका. नेटवर्क तुटलं की पुन्हा सगळं पहिल्यापासून, बहुधा वेगळ्याच माणसापाशी.

तुम्ही लिहिलेली लक्षणं बाळंतपणानंतरच्या नैराश्याची असू शकतात. पहिल्या आठ-दहा दिवसांतलं रडू आपोआप ओसरतं. चार महिन्यांनीही टिकलेलं रडू तसं ओसरायची वाट पाहण्यासारखं नसतं, त्यावर उपचार आहेत, आणि अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं आहेत. म्हणून समुपदेशकाला ‘बाळ चार महिन्यांचं आहे, अंगावर पितं’ हे दुसऱ्याच वाक्यात सांगा. बाळाला काही होईल, आपल्या हातून काही होईल, असे विचार येत असतील किंवा कानात आवाज येत असतील, तर फोनवर थांबू नका. त्याच दिवशी केईएमच्या कॅज्युअल्टीत जा, लालबागहून ते जवळ आहे. सोबत कुणीतरी हवंच.

दोनदा फोन केला. दोन्ही वेळा वेगळी व्यक्ती. ऐकून घेतलं, श्वासाचा व्यायाम सांगितला. मला डॉक्टर हवा होता. डॉक्टरशी बोलूच देत नाहीत का? — कांदिवली

देतात, पण मागावं लागतं. सेवेची रचना दोन पातळ्यांची आहे. पहिल्या पातळीवर राज्याच्या कक्षातले समुपदेशक आणि त्यांच्या पाठीशी तिथलेच मानसिक आरोग्यतज्ज्ञ असतात. दुसऱ्या पातळीवर प्रत्यक्ष तपासणी: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, वैद्यकीय महाविद्यालयं, आणि व्हिडिओवरून तपासायचं असेल तर ई-संजीवनी ही सरकारी सेवा. समुपदेशक औषध लिहून देत नाही. तो ऐकतो, धोका किती आहे ते ठरवतो, आणि गरज दिसली तर वर पाठवतो. तुम्ही फक्त ‘बेचैन वाटतं’ म्हणालात तर त्याला पहिल्या पातळीवर भागेल असंच वाटणार. वाक्य असं हवं: ‘मला सहा आठवड्यांपासून त्रास आहे, कामावर चार दिवस गेलो नाही, मला मानसोपचारतज्ज्ञांशी बोलायचंय, पुढे जोडून द्या.’ किती दिवस, आणि त्यामुळे काय बंद पडलं, या दोन गोष्टी सांगितल्या की प्रकरण पुढे सरकतं.

दर वेळी वेगळी व्यक्ती भेटणं हा या सेवेतला खराच अडथळा आहे. पाळ्यांमध्ये काम चालतं, त्याला इलाज नाही. यावर उपाय म्हणून एका कागदावर पाच-सहा ओळी लिहून ठेवा: त्रास कधी सुरू झाला, रात्री किती तास झोप, वजन कमी झालं का, आधीचे आजार (थायरॉइड असेल तर जरूर लिहा, त्याच्या कमी-जास्तीनं नैराश्यासारखी आणि घाबरल्यासारखी लक्षणं दिसतात), चालू गोळ्यांची नावं मिलिग्रॅमसकट, आणि घरात पूर्वी कुणाला असा त्रास होता का. गोळीचं नाव वाचता येत नसेल तर पट्टीवरची अक्षरं एकेक करून सांगा. ‘पांढरी गोल गोळी’ सांगून काही कळत नाही. हा कागद वाचून दाखवला की तिसऱ्या माणसालाही दोन मिनिटांत सगळं समजतं. फोन ठेवण्याआधी विचारा: ‘पुढचा फोन तुम्ही करणार की मी? कोणत्या दिवशी?’ त्यांच्याकडून पाठपुराव्याचा फोन आला तर तो अनोळखी क्रमांकावरून येतो, आणि आपल्याकडे अनोळखी फोन कुणी उचलत नाही. पुष्कळांचा पाठपुरावा इथेच तुटतो. ज्या दिवशी फोन अपेक्षित असेल त्या दिवशी अनोळखी फोन अडवणारी सोय बंद ठेवा.

व्हिडिओवर औषध मिळतं का, तर काही मिळतात. २०२० सालच्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे काही औषधं फोनवर किंवा व्हिडिओवर लिहून देता येत नाहीत. शेड्यूल एक्समधली, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीतली, सगळी त्यात येतात. त्यामुळे डॉक्टरांनी ‘समोर या’ म्हटलं तर ती टाळाटाळ समजू नका.

आणि पत्रात शेवटी लिहिलंय ते महत्त्वाचं: गोळी सुरू करून आठ दिवस झाले, फरक नाही म्हणून बंद केली. नैराश्यावरच्या बहुतेक गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि अस्वस्थताच जास्त जाणवते, फायदा मागून येतो. महिनोन् महिने चालू असलेली गोळी एकदम थांबवली तर चक्कर, झोपमोड, डोक्यात करंट गेल्यासारखं होणं असे त्रास होतात आणि लोकांना वाटतं की व्यसन लागलं. व्यसन लागलेलं नसतं, डोस हळूहळू उतरवायला हवा होता. पंचविशीच्या आतल्या रुग्णात सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी वाढली किंवा मरणाचे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

माझं लग्न ठरतंय. फोन केला तर कुठे नोंद राहते का? ऑफिसला, बँकेला, सासरी कळेल का? — भांडुप

ऑफिसला, बँकेला किंवा सासरी कळवण्याची कोणतीही पद्धत या सेवेत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम २३ प्रमाणे उपचारासंबंधीची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. अपवाद मोजके आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर, उपचार करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञाला गरज असेल तर, तुम्ही नेमलेल्या प्रतिनिधीला, किंवा न्यायालयाचा आदेश असेल तर. नोंद मात्र ठेवतात, नाहीतर पाठपुरावा कसा करणार? घरात फोन एकमेकांच्या हातात जात असेल तर कॉलच्या यादीतून तो क्रमांक काढून टाका. बहुतेक वेळा बातमी फुटते ती तिथूनच.

विम्याबद्दलही विचारलंय. याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांसारखंच मानसिक आजारांनाही विमासंरक्षण द्यायचं आहे. पण प्रस्तावाच्या अर्जात आजाराबद्दल विचारलं असेल तर उपचार चालू असताना ‘नाही’ लिहू नका. पुढे दावा फेटाळायला तेवढं कारण पुरतं.

भाऊ ३१ वर्षांचा. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात म्हणतो, खिडक्या बंद करून बसतो, अंघोळ नाही. डॉक्टरांकडे यायला तयार नाही. ओळखीच्या केमिस्टनं दुधात मिसळून द्यायला थेंब सांगितलेत. देऊ का? — विरार

देऊ नका. ज्याला आधीच वाटतंय की आपल्याविरुद्ध काहीतरी चाललंय, त्याला दुधाची चव वेगळी लागली किंवा घरातलं कुणी कुजबुजताना दिसलं, की त्याचा संशय खरा ठरतो, आणि मग तो घरचं जेवणसुद्धा सोडतो. दुसरं, या औषधांनी काहींची मान आखडते, जबडा वळतो, डोळे वर जातात. त्यावर साधं इंजेक्शन असतं, पण कॅज्युअल्टीत ‘काय दिलं, किती दिलं’ हे सांगता आलं पाहिजे. तपासणीशिवाय हे औषध केमिस्टनं सुचवायचंच नसतं.

१४४१६वर दुसऱ्यासाठीही फोन करता येतो. तो बोलणार नसेल तर तुम्ही बोला. ‘वेड्यासारखं करतो’ असं सांगू नका, दिसतं ते सांगा: खिडक्या कधीपासून बंद आहेत, किती तास झोपतो, एकटा बोलतो का, कुणावर हात उगारला का, गांजा किंवा दारू घेतो का. समुपदेशक तुम्हाला त्याच्याशी कसं बोलायचं ते सांगेल. थोडक्यात असं: पाळतीबद्दल वाद घालू नका, आणि खोटी मान्यताही देऊ नका. ‘तुला भीती वाटतेय ते दिसतंय, झोप नाही म्हणून तब्येत खालावलीय, झोपेसाठी डॉक्टरांना भेटू या’ हे बहुतेकांना पटतं, कारण झोप नाही हे त्यालाही जाणवत असतं.

तरीही येत नसेल आणि परिस्थिती हाताबाहेर जात असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायद्यात वाट आहे. कलम ८९ प्रमाणे, रुग्णाच्या वतीनं बोलणाऱ्या नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करता येतं, पण दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि ही मुदत ३० दिवसांपर्यंतची. तातडीच्या वेळी, म्हणजे त्याच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल तर, कलम ९४ प्रमाणे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो. तुमच्या बाजूला ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे जाताना त्याचं आधार कार्ड, जुनी कागदपत्रं आणि त्याच्याबरोबर राहणारं, सगळं सांगू शकणारं एक माणूस न्या. लांबचा नातेवाईक उपयोगाचा नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई भोजपुरी-हिंदी बोलतात. त्यांना चालेल? — चेंबूर

चालेल. सुरुवातीला भाषा विचारतात तेव्हा हिंदी निवडायची. पहिल्यांदा क्रमांक लावून, भाषेचं बटण दाबून फोन त्यांच्या हातात द्या आणि खोलीबाहेर जा.

नवरा रोज पाऊण बाटली पितो. श्रावण पाळायचा म्हणून दर वर्षी पहिल्या दिवशी एकदम बंद करतो. गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशी फिट आली. या वर्षी काय करू? — वरळी

तुमचं पत्र आम्ही मुद्दाम सविस्तर घेतोय, कारण श्रावणात आणि माळ घातल्यावर अचानक दारू सोडणारे खूप आहेत आणि त्यातला धोका फार कमी घरांना ठाऊक असतो.

वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी जुळवून घेऊन कायम जास्त चेतवलेल्या अवस्थेत राहायला शिकतो. दारू एकदम थांबली की गुंगी जाते, चेतवणं तेवढंच राहतं. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते २४ तासांत हात कापणं, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. फिट येते ती बहुतेक पहिल्या ६ ते ४८ तासांत. आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: दिवस-रात्र कळत नाही, भिंतीवर किडे दिसतात, अंग तापतं, माणसं ओळखत नाहीत. ही अवस्था जिवावर बेतू शकते. ‘बाहेरचं झालं’ म्हणून अंगारा लावण्यात जो दिवस जातो, तोच दिवस सगळ्यांत महत्त्वाचा असतो. ज्याला एकदा सोडताना फिट आली, त्याला पुढच्या वेळी पुन्हा येण्याची शक्यता जास्त. म्हणून तुमच्या यजमानांनी घरी, एकदम, अजिबात सोडू नये.

श्रावणाच्या दोन-तीन आठवडे आधी हालचाल करा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. टेलिमानसवरही याबद्दल बोलता येतं. ‘रोज पाऊण बाटली, किती वर्षं, गेल्या वर्षी सोडताना फिट’ एवढं सांगा आणि ‘दाखल करून दारू सोडवण्याची सोय कुठे आहे’ असं विचारा. मुंबईत केईएम, नायर, सायन, कूपर या महापालिकेच्या आणि जे. जे. या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. तिथे काही दिवस ठेवून, कमी-कमी होत जाणाऱ्या गोळ्या देऊन दारू सुरक्षितपणे उतरवतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात. इथे एक खास सूचना: अशक्तपणा आला म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावून घेण्याची पद्धत आहे. रोज पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन आधीच कमी असतं, आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बाटली लावण्याआधी डॉक्टरांना दारूचं सांगा, लाजू नका.

ते यायला तयार नसतील आणि तरीही पहिल्या दिवशी सोडलीच, तर पहिले चार दिवस एकटं सोडू नका. फिट आली किंवा बोलणं असंबद्ध झालं तर १०८. फिट चालू असताना तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, आणि फिट किती मिनिटं टिकली ते घड्याळात पाहून ठेवा.

मुलगा दहावीला. बोलायला तयार नाही, म्हणतो चॅट असेल तर बघतो. मुलांनी फोन केला तर पालकांची परवानगी लागते का? — डोंबिवली

फोन करून बोलायला परवानगी लागत नाही. पुढे तपासणी आणि औषध म्हटलं की पालक लागतात. टेलिमानसचं ॲप १० ऑक्टोबर २०२४ला आलं. त्यात माहिती आणि ताण हलका करण्याचे उपाय आहेत, आणि नंतर ‘अस्मी’ नावाचा चॅटबॉटही घातला आहे. मात्र चॅटबॉट म्हणजे यंत्र, हे मुलाला स्पष्ट सांगा. सुरुवात करायला ते ठीक. मरणाचे विचार, घरात किंवा क्लासमध्ये कुणाचा त्रास, असं काही असेल तर माणसाशीच बोलायला हवं.

मुलांसाठी चाइल्ड हेल्पलाइन १०९८ चोवीस तास आहे. सीबीएसईची मुलं १८००-११-८००४वर फोन करू शकतात. आपल्या राज्य मंडळाचे समुपदेशकांचे क्रमांक परीक्षेच्या सुमारास जाहीर होतात. जुन्या वर्षीची फिरत आलेली यादी वापरू नका. एक गोष्ट मुलांना आधीच प्रामाणिकपणे सांगितलेली बरी: अठरा वर्षांखालच्या मुलानं लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं ऐकणाऱ्यावर बंधनकारक असतं. ते मुलाच्या रक्षणासाठीच आहे, पण आधी ठाऊक नसेल तर त्याला विश्वासघात वाटतो.

आणि तुम्ही फोनवर त्याच्या शेजारी उभे राहू नका. तो ‘सगळं ठीक आहे’ एवढंच म्हणेल.

आई ७८ वर्षांची, गिरगावात एकटी. मी ठाण्याला. ‘कुणी येत नाही’ म्हणून दिवसभर रडते. — ठाणे

ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७ आहे, सकाळी ८ ते रात्री ८. भावनिक आधाराबरोबरच वृद्धाश्रम, निर्वाह खर्च आणि कायदेशीर बाबींची माहितीही तिथे मिळते. पण आधी एक तपासून घ्या. रडण्यासोबत नावं विसरणं, गॅस चालू राहणं, तोच प्रश्न चारदा विचारणं असेल, तर ते नुसतं एकटेपण नसेल. बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या, चालू गोळ्यांची सगळी पाकिटं डॉक्टरांना दाखवा. हे अचानक, दोन-चार दिवसांत सुरू झालं असेल तर लघवीचा संसर्ग किंवा रक्तातलं सोडियम कमी होणं अशी कारणंही असतात, आणि तेव्हा थांबायचं नसतं.

नेटवर शोधून एका ‘सरकारी समुपदेशन’ क्रमांकावर फोन केला. नोंदणीचे ४९९ रुपये यूपीआयनं मागितले, दिले. नंतर फोन बंद. — नालासोपारा

लगेच १९३०वर तक्रार करा. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी तोच क्रमांक आहे, आणि जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. टेलिमानस, १०९८, १४५६७, १४४४६ यांपैकी कुणीही पैसे, ओटीपी किंवा आधारचा फोटो मागत नाही. शोधात वरती येणारा दहा आकडी मोबाइल क्रमांक सरकारी समजू नका.

बायकोनं मागच्या महिन्यात जीव देण्याचा प्रयत्न केला. वाचली. रुग्णालयात पोलिसांनी जबाब घेतला. आता गुन्हा दाखल होईल म्हणून घरचे उपचारालाही नेऊ देत नाहीत. — मुलुंड

घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असंच, वेगळं काही सिद्ध होईपर्यंत, मानायचं, आणि तिच्यावर खटला भरायचा नाही, शिक्षा द्यायची नाही. उलट तिला उपचार आणि पुनर्वसन मिळवून देणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे. जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३०९ हे १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नाही. सरकारी कर्मचाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतंच वेगळं कलम आहे. रुग्णालयानं पोलिसांना कळवणं आणि जबाब होणं ही ठरलेली पद्धत आहे. तिला कुणी भाग पाडलं का, छळ होता का, हे पाहण्यासाठी ती असते. जबाब झाला म्हणजे तिच्यावर गुन्हा झाला असं नाही. आणि डॉक्टरांना ‘चुकून झालं’ असं खोटं सांगू नका, त्यानं उपचारच चुकतात.

प्रयत्नानंतरचे पहिले काही आठवडे आणि महिने सगळ्यांत जोखमीचे असतात, म्हणून उपचार थांबवणं हीच आत्ता खरी भीतीची गोष्ट आहे. घरातली सगळी औषधं कुलपात ठेवा आणि रोजची गोळी एकेक करून द्या. जी वस्तू किंवा जागा धोक्याची वाटते ती तिच्या हाताशी राहणार नाही असं बघा. हे विचार लाटेसारखे येतात आणि ओसरतात. त्या तेवढ्या वेळात साधन हाताशी नसणं आणि माणूस शेजारी असणं यानं जीव वाचतो. तिच्याबरोबर बसून, ती शांत असेल तेव्हा, एक कागद करा: विचार सुरू होतात तेव्हा आधी काय जाणवतं, तेव्हा कुणाजवळ बसायचं, कोणत्या दोन माणसांना फोन करायचा, आणि खाली १४४१६. कागद तिच्याच अक्षरात असू द्या. हा कसा करायचा ते समुपदेशक फोनवर सांगतो, तुम्ही दोघंही स्पीकरवर असलात तरी चालतं.

विचार आत्ता, या क्षणी आलेत, ती म्हणतेय ‘आज नाही राहवत’, तर फोनच्या रांगेत थांबायचं नाही. ११२ किंवा १०८ लावा, किंवा टॅक्सी करून जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. ओपीडी सकाळची असते, कॅज्युअल्टी रात्रभर चालू असते. खिडकीवर ‘घबराट होते’ असं मोघम न सांगता ‘महिन्यापूर्वी जीव देण्याचा प्रयत्न झालाय, आज पुन्हा तेच विचार आहेत, मानसोपचार विभागाच्या डॉक्टरांना बोलवा’ असं सांगा. मागचं डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्या. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं, तर निघण्याआधी पुढच्या भेटीची तारीख केसपेपरवर लिहून घ्या.